भाचा टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळतो. त्याला भेट काय द्यावी?

आत्या_शहापूर

नमस्कार. माझा भाचा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दर शनिवारी संध्याकाळी त्याचे चार-पाच मित्र आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घराच्या वरच्या खोलीत जमतात आणि रात्री उशिरापर्यंत एक खेळ खेळतात. त्या खेळाला पट नाही, पत्ते नाहीत. कागद, पेन्सिली, चमत्कारिक आकाराचे फासे आणि अखंड बोलणे एवढेच मला चहा घेऊन वर गेल्यावर दिसते. मुले अर्धी मराठी, अर्धी कन्नड बोलतात आणि मधूनच सगळी एकदम ओरडतात. वहिनींनी विचारले तेव्हा त्याने याला टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात इतकेच सांगितले.

दिवाळीनंतर त्याचा वाढदिवस आहे आणि पहिली नोकरीही ठरली आहे, त्यामुळे या वेळी शर्टाचे कापड आणि कुंद्याचा डबा यांवर भागवू नये असे मनात आहे. तीन हजार रुपयांपर्यंत खर्च करता येईल. गणपत गल्ली आणि खडेबाजारातल्या दुकानांत विचारले, पण कॅरम, बुद्धिबळ आणि सापशिडी यांपलीकडे कोणी काही दाखवले नाही. त्याला सुगावा लागू न देता काय घ्यावे, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

कॅम्पातला

आत्या, फाशांचा संच द्या आणि निश्चिंत व्हा. सात फाशांचा संच ऑनलाइन सहज मिळतो आणि हे खेळ खेळणाऱ्याला फासे कितीही मिळाले तरी कमीच वाटतात.

मग_संग्राहक

ड्रॅगनचे चित्र असलेला टी-शर्ट किंवा कॉफीचा मग द्यावा, असे मी सुचवीन.

गेममास्टर_टिळकवाडी

ताई, वरच्या दोन्ही सूचना चांगल्या मनाने केलेल्या आहेत, पण टी-शर्ट हा खेळाच्या आवडीची जाहिरात करतो, खेळात उपयोगी पडत नाही. फाशांविषयीही थोडे थांबावे असे मला वाटते. दुकान उघडण्याआधी तुम्हाला दोन गोष्टी कळायला हव्यात: तो कोणता खेळ खेळतो, आणि त्या टेबलावर त्याचे काम काय आहे. ही दोन उत्तरे मिळाली की निम्म्याहून अधिक पर्याय आपोआप गळतात.

रोलप्लेइंग गेम हे एका खेळाचे नाव नाही, तो खेळांचा एक प्रकार आहे. सर्वांत प्रसिद्ध म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स, जो गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. पण त्यानंतर निघालेल्या अनेक खेळांचे नियम, पुस्तके आणि फासेही वेगळे आहेत. एका खेळाचे पुस्तक दुसऱ्या खेळाच्या टेबलावर जवळजवळ निरुपयोगी ठरते. कामाचे म्हणाल तर बहुतेक खेळांत एक जण गोष्ट चालवतो आणि बाकीचे त्या गोष्टीतले एकेक पात्र होतात. पात्र खेळणाऱ्याला एक कागद, पेन्सिल आणि फासे पुरतात; चालवणाऱ्याला मात्र नियम, नकाशे, नोंदी आणि आपले कागद लपवायचा आडपडदा असे बरेच काही लागते. हे चालवण्याचे काम ज्याच्याकडे असते त्याला कुठे डीएम म्हणतात, कुठे जीएम, कुठे कीपर.

आता हे त्याला न विचारता कसे ओळखायचे, तर फासे पाहून. चहा घेऊन वर जालच, तेव्हा टेबलाकडे नीट नजर टाका. वीस बाजूंचा मोठा फासा सतत फेकला जात असेल, तर खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स किंवा त्याच्या कुळातला पाथफाइंडर असण्याची शक्यता मोठी आहे. दहा बाजूंचे फासे मूठभर एकदम टाकत असतील तर व्हँपायर: द मॅस्करेड किंवा त्याची भावंडे. दहा बाजूंचे दोनच फासे, त्यांतल्या एकावर ००, १०, २० असे आकडे, आणि ते टाकून शेकड्यात बेरीज, असे दिसले तर कॉल ऑफ कथुलू असावा. फक्त ल्युडोसारखे सहा बाजूंचे फासे असतील तर अंदाज बांधणे कठीण, कारण त्यांच्यावर चालणारे खेळ पुष्कळ आहेत. याखेरीज प्रत्येकाच्या पुढ्यातला कागद वाचता आला तर पाहा. वरच्या कोपऱ्यात बहुधा खेळाचे नाव छापलेले असते.

पुस्तकवेडी_पुणे

मी मूळची खानापूरची, नोकरीनिमित्त पुण्यात आहे आणि आमचा गट गेली काही वर्षे नियमित खेळतो. वरील प्रतिसादाला माझे अनुमोदन आहे. पुस्तक घ्यायचे ठरवलेत तर एक सावधगिरी बाळगा.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती २०१४ साली आली आणि तिचेच सुधारलेले रूप २०२४ पासून निघाले. दोन्हींतल्या खेळाडूंसाठीच्या मुख्य पुस्तकाचे नाव तेच, प्लेयर्स हँडबुक. मुखपृष्ठे वेगळी आहेत, पानेही पहिल्याची ३२० आणि दुसऱ्याची ३८४ आहेत. जुन्या पुस्तकांतले बरेचसे साहित्य नव्या नियमांबरोबर चालते, परंतु एखाद्या गटाने एक आवृत्ती धरलेली असते आणि चालू गोष्टीच्या मध्यावर दुसरी आणलेली त्यांना आवडेलच असे नाही. म्हणून त्याच्या कपाटातली प्रत पाहिल्याशिवाय पुस्तक मागवू नये. ऑनलाइन बाजारात अर्ध्याहून कमी किमतीला मिळणाऱ्या प्रतींपासूनही दूर राहावे, कारण त्यांत अस्पष्ट छापलेल्या आणि कच्च्या बांधणीच्या नकली प्रती असतात. शिवाय मूळ नियमांचा मोठा भाग २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली अधिकृतपणे मोफत उपलब्ध आहे, त्यामुळे ज्याच्याकडे पुस्तक नाही त्याचे नियमांवाचून अडलेले असते असेही नाही.

परदेशातल्या कोणा नातेवाइकाला सांगून मागवायचा विचार असेल, तर पाकिटावर 'गिफ्ट' लिहिल्याने आता सवलत मिळत नाही. डिसेंबर २०१९ पासून जीवरक्षक औषधे आणि राखी वगळता टपाल किंवा कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूंची ती सूट संपलेली आहे.

निपाणीकर

पुस्तकाचे ठरेल तेव्हा ठरेल. खेळ कोणताही असला तरी फासे कुठेतरी टाकावेच लागतात, आणि ते टेबलावरून घरंगळून कपाटाखाली गेले की पाच मिनिटे खेळ थांबतो. यासाठी चामड्याचा ट्रे उत्तम. चौकोनी चामड्याच्या चार कोपऱ्यांना प्रेस बटणे लावलेली असतात. बटणे लावली की कडा उभ्या राहून ट्रे होतो आणि सोडली की सपाट होऊन वहीत ठेवता येतो. ऑनलाइन जे ट्रे मिळतात ते बहुधा रेक्झिनचे असतात. आपल्याकडे मात्र कोल्हापुरी चप्पल करणारे कारागीर निपाणी आणि अथणी भागात आहेत. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, बागलकोट, धारवाड आणि विजापूर हे कर्नाटकातले चार जिल्हेही आहेत. हे कारागीर बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले चामडे वापरतात. माप, चौकोन आणि बटणांच्या जागा कागदावर काढून दिल्यात तर त्यांना हे काम अवघड नाही. बाजू एक वीत ठेवावी. त्याहून लहान ट्रेमध्ये फासे नीट लोळत नाहीत.

उद्यमबागी

निपाणीकरांच्या ट्रेला माझी जोड. उद्यमबागेत लेथ आणि मिलिंगवर रोज पितळ कापले जाते, तेव्हा पितळेचे फासे इथेच का करून घेऊ नयेत?

गेममास्टर_टिळकवाडी

सहा बाजूंचा फासा जरूर होईल, पण पुढचे अवघड आहे. सर्व बाजू सारख्या असलेले नियमित घन पाचच आहेत: चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचे. दहा बाजूंचा फासा त्यांत बसत नाही. त्याच्या बाजू पतंगाच्या आकाराच्या असतात आणि त्यांचे कोन जुळवणे हे एका नगासाठी कोणी आनंदाने करील असे काम नाही. वीस बाजूंच्या फाशावर समोरासमोरच्या आकड्यांची बेरीज २१ यावी लागते, म्हणजे कोरणाऱ्यालाही पुरेपूर समजावून सांगावे लागणार. शिवाय १६ मिलिमीटरचा पितळी घन सुमारे ३५ ग्रॅम भरतो, तर तेवढाच अ‍ॅक्रिलिकचा ५ ग्रॅम. ट्रे नसलेल्या काचेच्या टेबलावर असे फासे टाकले तर वहिनी भेट देणाऱ्यालाच जाब विचारतील.

उद्यमबागी

मान्य. मग थ्रीडी प्रिंटर घेतो पुढे. पात्रांच्या लहान मूर्ती, ज्यांना मिनिएचर म्हणतात, त्या साधारण २८ मिलिमीटर उंचीच्या असतात. रेझिनवर काढल्या तर चेहरे आणि शस्त्रे स्पष्ट उमटतात, फिलामेंटवर थर दिसतात. सोबत एक इंचाच्या चौकटी आखलेली विनाइलची चटई द्यावी. डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये एक चौकट म्हणजे पाच फूट धरतात आणि लढाई त्यावरच मांडतात. चटईवर ओल्या फडक्याने पुसले जाणारे मार्कर वापरायचे असतात, व्हाइटबोर्डचे वापरले तर डाग कायमचे राहतात.

खानापूरकर

विनाइलला माझे मत. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कागदाचे नकाशे चिकटतात आणि पुस्तकांना बुरशी येते.

व्यवहारी_अनगोळ

एवढा खटाटोप कशासाठी? पाकिटात तीन हजार घालून द्या. त्याला काय हवे ते तो घेईल.

पुस्तकवेडी_पुणे

पैसे वाईट नाहीत, पण पहिल्या नोकरीच्या मुलाकडे आलेले पैसे मोबाइलच्या हप्त्यात जातात. आत्यांनी विचारले ते 'भेट काय द्यावी' हे आहे.

आत्या_शहापूर

सर्वांचे आभार. काल शनिवार होता, त्यामुळे गेममास्टर यांच्या सांगण्याप्रमाणे चहाबरोबर भजीही नेली, म्हणजे थोडा अधिक वेळ थांबता आले. जे पाहिले ते लिहिते.

भाचा टेबलाच्या एका बाजूला एकटाच बसतो आणि त्याच्यापुढे दोन फाइलींचे पुठ्ठे उभे केलेले असतात, बाकीचे समोर. फासे दहा बाजूंचे, दोन-दोनच, आणि एकावर शून्य-शून्य आहे. मुले आकडा पाहून कागदावरच्या आकड्याशी ताडतात आणि आकडा लहान आला तर आनंदतात, हे मला उलटे वाटले. मूर्ती नाहीत, चौकटींची चटई नाही. कागद छायाप्रतींचे आहेत आणि एक मुलगा 'माझी सॅनिटी गेली' असे म्हणाला. भिंतीवर भाच्याने हाताने काढलेला बेळगावचा नकाशा आहे. त्यात कॅम्प, किल्ला, रेल्वे स्टेशन आणि टिळकवाडी दिसते आणि कोपऱ्यात १९२४ लिहिले आहे. हे काय आहे?

गेममास्टर_टिळकवाडी

ताई, तुम्ही माझ्यापेक्षा चांगला शोध लावलात. हा कॉल ऑफ कथुलू आहे आणि तुमचा भाचा कीपर आहे, म्हणजे गोष्ट तोच चालवतो. केऑसियम या प्रकाशनाने हा खेळ १९८१ साली काढला. त्याचा आधार एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या भयकथा हा आहे. खेळाडू शूर योद्धे नसून साधे लोक असतात: वार्ताहर, डॉक्टर, प्राध्यापक, पोलीस. त्यांना एखादे विचित्र प्रकरण सापडते आणि ते त्याचा माग काढतात. जितके अधिक कळते तितके त्यांचे मन:स्वास्थ्य ढळते, आणि तीच ती सॅनिटी. प्रत्येक कौशल्याला शेकड्यात आकडा असतो आणि फाशांवर त्याच्याइतका किंवा त्याहून कमी आकडा आला तर काम होते, म्हणून लहान आकड्याचा आनंद.

या खेळाचा रूढ काळ १९२० चे दशक हा आहे आणि त्याने ते दशक बेळगावात आणले आहे, ही मला फार आवडलेली गोष्ट आहे. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीत काँग्रेसचे अधिवेशन भरले होते आणि गांधीजी अध्यक्ष असलेले ते एकमेव अधिवेशन. देशभरातून आलेले अनोळखी लोक, तंबू, रेल्वेची गर्दी, शेजारी लष्करी छावणी. गूढकथेला याहून चांगली जागा बेळगावात मला तरी सुचत नाही.

आता वरच्या यादीतून चटई आणि मिनिएचर काढून टाका, कारण या खेळात लढाई चौकटींवर मांडण्याची फारशी गरज नसते. प्लेयर्स हँडबुकही गेले. निपाणीकरांचा ट्रे राहिला. फाशांत मात्र एक नेमकी गोष्ट द्या: सातव्या आवृत्तीच्या नियमांत परिस्थिती अनुकूल किंवा प्रतिकूल असेल तर दशकाचा, म्हणजे ००, १०, २० असे आकडे असलेला, आणखी एक फासा टाकतात. सात फाशांच्या संचात असा फासा एकच असतो, त्यामुळे मुले तोच दोनदा टाकत असणार. दशकाचे सुटे फासे प्रत्येकाला एक या हिशेबाने घेतलेत तर खर्च थोडा आणि उपयोग दर शनिवारी.

कॅम्पातला

म्हणजे शेवटी फासेच निघाले.

खानापूरकर

या खेळात हातात देण्याच्या कागदांना, ज्यांना हँडआउट म्हणतात, फार महत्त्व आहे. सापडलेले पत्र, वर्तमानपत्राचे कात्रण, डायरीचे पान हे कीपर खरोखर कागदावर तयार करून खेळाडूंच्या हाती देतो आणि त्यांतूनच धागेदोरे लागतात. आत्यांनी अशी दोन-चार पत्रे चहाच्या पाण्यात भिजवून, जुनी दिसतील अशी करून दिली तर काय बहार येईल! सावंतवाडीची दशावतारी गंजिफाही सुचवतो. तिची १२० गोल पाने हाताने रंगवलेली असतात आणि एखाद्या सरदाराच्या वाड्यात सापडलेली वस्तू म्हणून ती टेबलावर ठेवता येईल.

पुस्तकवेडी_पुणे

खानापूरकर, कल्पना सुंदर आहे, पण पत्रे आत्यांनी लिहू नयेत. काय सापडेल आणि कधी सापडेल हे कीपरच्या मनात असते. बाहेरून आलेले तयार पत्र त्याच्या कथेत बसवायचे तर त्याला ती वाकवावी लागते, आणि आत्याने दिले म्हणून नको म्हणताही येत नाही. त्याला कच्चा माल द्यावा, शिजवू त्यालाच द्यावे. कोरे जाड पिवळसर कागद, शाईची दौत आणि टाक, लाखेची कांडी, सुतळी, जुन्या पद्धतीची पाकिटे एवढ्यावर त्याचे वर्षभराचे हँडआउट होतील. गंजिफा मात्र तीन हजारांत बसेल असे मला वाटत नाही.

याच न्यायाने मी आणखी एक सुचवते आणि माझ्या मते मुख्य भेट हीच असावी. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा एकविसावा खंड बेळगाव जिल्ह्याचा आहे. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली तो १८८४ साली निघाला. त्यात गावे, रस्ते, व्यापार, जाती, देवळे, जंगले, छावणी या सगळ्यांची तपशीलवार माहिती आहे. त्याच्यावर आता प्रताधिकार नाही आणि स्कॅन केलेली प्रत मोफत उतरवून घेता येते. ती छापून चांगली बांधून दिली, तर १९२४ चे बेळगाव उभे करणाऱ्या कीपरला याहून उपयोगी पुस्तक कोणत्याही दुकानात मिळणार नाही. चाळीस वर्षांचे अंतर आहे हे खरे, पण हलशीची कदंबकालीन देवळे आणि भीमगडचे जंगल काही हलले नव्हते.

व्यवहारी_अनगोळ

मोफत मिळते ते त्यानेच उतरवून घेतले असेल तर?

पुस्तकवेडी_पुणे

असेल तरी पडद्यावरची पीडीएफ खेळ चालू असताना चाळता येत नाही. पानाला चिठ्ठी लावून ठेवलेला ग्रंथ हाताशी असणे वेगळे.

आत्या_शहापूर

आता मार्ग दिसू लागला. एक शंका विचारते. आमच्या आजोबांच्या पेटीत जमिनीचे आणि घरगुती व्यवहाराचे काही मोडी कागद आहेत. घरात ते कोणालाच वाचता येत नाहीत. हे त्याला द्यावेत काय? की ते खेळात फाडले जातील?

गेममास्टर_टिळकवाडी

मूळ कागद अजिबात देऊ नका. ते सपाट पाटावर ठेवून स्कॅन करून घ्या आणि जाड कागदावर रंगीत प्रती काढून द्या. त्या काळात आपला भाग मुंबई इलाख्यात होता आणि मोडी रोजच्या व्यवहारात होती, त्यामुळे १९२४ च्या कथेत मोडी पत्र अगदी स्वाभाविक आहे. एक मात्र पाहा: जमिनीच्या कागदांत हद्दी आणि हिश्शांचा मजकूर असू शकतो, आणि दर शनिवारी पाच बाहेरच्या मुलांच्या हाती जाणारे कागद हे असल्याने त्या प्रती देण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांची संमती घ्यावी. घरगुती पत्रांना तशी अडचण बहुधा येणार नाही.

टेबलावर काही मुले कन्नड वाचणारी आहेत, हेही त्याच्या पथ्यावर पडेल. एका पात्राला मोडी येते, दुसऱ्याला कन्नड, तिसऱ्याला फक्त इंग्रजी, असे ठेवले की प्रत्येक कागदासाठी वेगळा मुलगा लागतो. पण हे त्याला सुचेलच. आपण सांगू नये.

उद्यमबागी

फाइलींचे पुठ्ठे उभे केले आहेत असे आत्यांनी लिहिले आहे. तिथे माझा थोडा हातभार. प्लायवूडच्या चार फळ्या बिजागऱ्यांनी जोडून आडपडदा कोणताही सुतार करून देईल. उंची एक फुटापेक्षा कमी ठेवावी, म्हणजे भाच्याला मित्रांचे चेहरे दिसतात. आतल्या बाजूला कागद अडकवायला क्लिप लावाव्यात, कारण नियमांचे तक्ते कीपर तिथेच चिकटवतो. केऑसियमचा तयार स्क्रीनही मिळतो, पण मागवायचा खर्च पाहता सुतार बरा.

आत्या_शहापूर

ठरले. गॅझेटियर बांधून घेते, दशकाचे सहा फासे मागवते, मोडी पत्रांच्या प्रती काढते आणि कोरे कागद, टाक, लाख असा एक डबा भरते. आडपडद्याचे सुताराशी बोलून मग पाहीन. ट्रे निपाणीहून आणण्याचे काम वहिनींच्या भावाकडे दिले आहे. जमीन-जुमल्याचे कागद वगळते. गॅझेटियर छापायला देताना काही विशेष सांगावे लागेल काय?

पुस्तकवेडी_पुणे

होय. खंड जाडजूड आहे, तेव्हा दोन भागांत बांधा आणि कागद फार पातळ घेऊ नका, नाहीतर पाठीमागची छपाई दिसते. स्कॅनमधली काळी कड छापण्याआधी कापायला सांगा, म्हणजे शाई वाया जात नाही. बांधणी मात्र गोंदाची न करता दोऱ्याच्या शिलाईची मागा. आडपडद्यामागे एका हाताने फासे टाकताना ग्रंथ उघडला की सपाट राहिला पाहिजे, आणि गोंदाची बांधणी खानापूर-बेळगावच्या पावसाळ्यात दोन वर्षांत सुटते.